तोंड फिरव

मी ठाण्याची, असं सांगितलं की हल्ली लोक आधी माझ्या डोळ्यांकडे बघतात आणि मग हळूच हसतात. पुण्याला भाचीच्या लग्नात एका बाईनं विचारलंसुद्धा, "ठाण्याच्या म्हणजे आतल्या की बाहेरच्या?" वेड्यांचं मोठं इस्पितळ गावात आल्यापासून ही थट्टा आमच्या कपाळी आली आहे. मी म्हटलं, "बाहेरची. पण बाहेर बरं चाललंय असं समजू नका." माझं लग्न झालं तेव्हा ते इस्पितळ नव्हतं. कुणाचं डोकं बिघडलं तर त्याला मुंबईला पाठवत, आणि पाठवणं जमत नसेल तर उपचाराचं काम गावच अंगावर घेई. गावाला त्या कामाची फार हौस होती.

आमच्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. एक नाव टाळलं की बाकीची सांगण्यात अर्थ नाही, म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही. 'हे' म्हणजे माझे यजमान. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांची विधवा बहीण, जिच्या कमरेला घरच्या किल्ल्या असत, ती माझी आत्येसासू. एवढी माणसं ध्यानात ठेवली तरी पुरे. बाकीचे आले की सांगीनच.

मामंजी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. साहेबाच्या खोलीतून बाहेर येताना त्याला पाठ दिसू नये म्हणून उलटे चालत येत, आणि इतक्या वर्षांत एकदाही उंबऱ्याला अडखळले नाहीत, असं गावात कौतुकानं सांगत. शिवाय ते सुधारक होते. वाचनालयात दर पावसाळ्यात त्यांचं एक व्याख्यान ठरलेलं असे, आणि त्यातलं 'भ्रम आणि विवेक' हे तर लोक पुन्हा पुन्हा करायला लावत. व्याख्यानाला निघताना मांजर आडवं गेलं तर ते ओटीवर घटकाभर टेकत, पाणी पीत, आणि मग भ्रमाविरुद्ध बोलायला जात. मी हे चहाडी म्हणून सांगत नाही. पाण्याचं भांडं मीच नेऊन देत असे.

यांचा जन्म कल्याणचा, आजोळी झालेला. तिथे यांचे मामा स्टेशनाजवळच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. मूल जन्मलं तशी मामांनी वेळ पाहून ठेवली आणि माणसाबरोबर ठाण्याला निरोप धाडला: मुलगा झाला, अमुक वेळेला. मामंजींनी ती वेळ जोशीबुवांना सांगितली. जोशीबुवांनी पंचांग उघडलं, बोटं मोजली, मान हलवली आणि म्हणाले, "मूळ नक्षत्र. वडिलांना जपलं पाहिजे."

मुळावर जन्मलेलं मूल बापाच्या मुळावर येतं, ही आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. मुळाची शांत होईपर्यंत बापानं मुलाचं तोंड पाहायचं नाही. पाहायचंच झालं तर आधी तेलाच्या वाटीत त्याचं प्रतिबिंब पाहायचं. शांतीचा घाट मोठा झाला. सत्तावीस झाडांचा पाला, सत्तावीस विहिरींचं पाणी. मुलाला सुपात घालून गाईच्या तोंडाशी नेलं, म्हणजे ते गाईच्याच पोटी जन्मलं असं होतं आणि बापावरचं बालंट टळतं. गाईनं मूल हुंगलं, चाटलं. त्या दिवशी त्याचं तोंड मनापासून पाहिलं ते तेवढं तिनंच. मामंजींनी तेलाच्या वाटीत पाहिलं, तर त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या.

आणि शांत झाल्यावर कळलं, की एका विहिरीचं पाणी खारं होतं. खाडीकाठचं गाव, सत्तावीस गोड्या विहिरी आणायच्या कुठून? पाणक्यानं मिठागराकडच्या विहिरीतून घागर भरली होती. आत्येसासूबाईंनी बोट बुडवून चव घेतली आणि शांत फुकट गेली असं जाहीर केलं. जोशीबुवा म्हणाले, आता शास्त्राप्रमाणे आठ वर्षं. आठ वर्षं बापानं मुलाचं तोंड पाहू नये. विवेकाचं व्याख्यान तेव्हा अजून लिहून व्हायचं होतं, म्हणून मामंजींनी मान्य केलं.

हे सगळं मला आत्येसासूबाईंनी सांगितलं. दुसऱ्या बायका काशीयात्रेची हकिगत सांगतात तितक्या अभिमानानं त्या सांगत. एका घरात बाप आणि मूल, तरी आठ वर्षं नजरेला नजर पडू दिली नाही, हे काय खायचं काम आहे? त्याची रीत त्यांनीच बसवली. मामंजी कचेरीतून आले, की दारात खाकरत आणि म्हणत, "तोंड फिरव." मूल जिथे असेल तिथे भिंतीकडे तोंड करून उभं राही. मामंजी पाय धुऊन, जेवून, माडीवर जाईपर्यंत उभं राही. पोर इतकं शहाणं होतं, की चालायला लागण्याआधी भिंतीकडे वळायला शिकलं, असं त्या सांगत आणि डोळ्यांना पदर लावत. त्या रडण्यात लबाडी नव्हती. मला अजून समजत नाही, की त्या कशासाठी रडत होत्या.

हे पाच वर्षांचे असताना यांची आई तापानं गेली. त्यावर घरात जो न्याय झाला तो कचेरीतही झाला नसता. बाप जगला, म्हणजे उपाय लागू पडला. आई गेली, म्हणजे नक्षत्र खरं. दोन्हीकडून मूलच गुन्हेगार. आईच्या मागे दहा दिवस कुणी यांना जवळ घेतलं नाही, कारण बापाचं आईवर गेलं, आता पुढे कुणावर जाईल कोण जाणे. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. मामंजींनी दुसरं लग्न केलं नाही, म्हणून गाव त्यांना थोर म्हणे. खरं म्हणजे दुसरी बाई घरात आली असती तर किल्ल्या द्याव्या लागल्या असत्या, आणि त्या ज्यांच्या कमरेला होत्या त्यांनी ते होऊ दिलं नाही.

आठ वर्षांची मुदत संपली. मग चांगला दिवस पाहून तोंड पाहायचं ठरलं. चांगला दिवस आला तेव्हा साहेबाचा दौरा निघाला. नंतरचा चातुर्मासात पडला. मग वर्ष गेलं, दोन गेली. मला वाटतं, तोवर मामंजींना नक्षत्राची भीती उरलीच नव्हती. त्यांना लाज वाटत होती. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा समोर घेऊन त्याच्याशी काय बोलायचं, हे कुठल्याही व्याख्यानात नव्हतं. त्यापेक्षा दारात खाकरून ते दोन शब्द म्हणणं सोपं होतं. ते चालू राहिलं.

शाळेत पंतोजींना हे फार आवडत. मान वर न करणारा मुलगा कुठल्या पंतोजीला आवडत नाही? अक्षर मोत्यासारखं झालं. पुढे मुन्सफाच्या कोर्टात नकला करायला लागले. तिथेही भिंतीकडे तोंड करून बसत, आणि उजेड पाठीमागून चांगला येतो म्हणून तसे बसतात, अशी इतर कारकुनांची समजूत होती.

आता मुळावरच्या मुलाला मुलगी कोण देणार? मी सापडले. माझे वडील मी लहान असतानाच वारले होते, त्यामुळे मुळाला आमच्याकडे खायला काही उरलेलं नव्हतं. माझ्या काकांनी कल्याणला हा हिशेब फार चटकन केला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा समोरचा मुलगा भिंतीकडे वळलेला होता. बायका म्हणाल्या, किती लाजाळू. लग्नानंतर कित्येक महिने मला यांचा एक कान आणि अर्धी मिशी एवढंच ठाऊक होतं. पण माणूस मऊ. मी लिहिते-वाचते आहे ती यांच्या कृपेनं. मागच्या पडवीत हे भिंतीकडे बघून अक्षरं सांगत आणि मी यांच्या पाठीमागे बसून पाटीवर गिरवत असे. स्त्रीशिक्षणावर माडीवर व्याख्यान लिहिलं जात होतं, आणि मला पाटी बाळगताना आत्येसासूबाईंनी पकडलं तेव्हा ती चुलीत गेली. यांनी दुसरी आणली.

यांच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ते सुरू झालं. आधी आपल्याशीच हसत. मग अंघोळीचा कंटाळा, मग कोर्टात जायचा कंटाळा. एकदा मला म्हणाले, "तळ्याच्या काठी जे बसतात ना, ते माझंच बोलतात." मी म्हटलं, "तळ्याच्या काठी बसणारे सगळ्यांचंच बोलतात." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. पुढे गंमत राहिली नाही. हे अचानक थबकत आणि कान देऊन ऐकत. घास हातात असला तर तो तसाच राही, आणि हे भिंतीकडे वळत. ताट मागे राही. मी ताट उचलून भिंतीच्या बाजूला ठेवी, तर दुसऱ्या भिंतीकडे वळत. चार-सहा महिन्यांत बरगड्या मोजाव्यात इतके वाळले.

मग गाव पुढे सरसावलं.

आधी वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली आणि वात मस्तकात चढला आहे असं सांगितलं. ब्राह्मीचं तेल, नाकात तूप, आणि रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून बसवायचं. महिनाभर हे पूर्वेकडे बसले. वात खाली आला नाही, तेव्हा शेजारणींनी माजिवड्याकडचा एक भगत सुचवला. मामंजींच्या घरात भगत कसा येणार? म्हणून तो परसदारानं आला, आणि मामंजी त्या वेळी मुद्दाम वाचनालयात गेले. भगतानं मिरच्यांची धुरी दिली. आम्ही सगळे खोकलो, हे खोकले नाहीत. भगत म्हणाला, "ह्याचे आंगान तलावाची बाय आयलीय. याला खारीकरं तोंड करून बसवा." खाडी आमच्या पूर्वेलाच. म्हणजे वैद्यानं सांगितलं तेच, फक्त कोंबडं वर.

शेवटी सरकारी डाक्टर आला. गोरा, घामाघूम, भला माणूस असावा. त्यानं यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं. आजवर इतक्या जणांत यांना सहज जमेल असं सांगणारा तोच एक. पाठीवर टकटक केलं, डोळ्यांच्या पापण्या वर केल्या, आणि दुभाष्याकडून विचारलं, की हा फार शिकला आहे का. इंग्रजी चौथी, असं सांगितल्यावर त्यानं मान हलवली. नेटिव्हांच्या मेंदूला विद्येचा ताण सोसत नाही, असं त्याचं मत पडलं. आत्येसासूबाईंना तो डाक्टर पटला. त्या माझ्या पाटीकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना?"

या सगळ्यांनी यांना खूप प्रश्न विचारले. झोप लागते का, शौचाला साफ होतं का, कुणाच्या अंगणातलं काही ओलांडलं होतं का. कानात जो कुणी बोलतो तो काय बोलतो, हे मात्र एकानंही विचारलं नाही. वेड्याला ऐकू येतं ते खोटं असतं, मग ते विचारायचं कशाला? मीही विचारलं नव्हतं. आमच्यात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची चाल नव्हती. एके सकाळी हे विहिरीवर कोरडी घागर धरून उभे राहिलेले दिसले. आत्येसासूबाई देवळात गेल्या होत्या. मी विचारलं, "काय म्हणतो तो?"

हे म्हणाले, "सगळं सांगतो. 'हा आता घागर धरून उभा आहे. आता याची बायको आली.' कोर्टात कागद वाचून दाखवतात ना, तसं."

"आणि?"

"आणि म्हणतो, तोंड फिरव."

मी विचारलं, आवाज कुणाचा. हे माझ्याकडे बघून हसले. इतकं साधं मला कळू नये, असं ते हसणं होतं.

"वडील फक्त तेवढंच बोलतात ना माझ्याशी," हे म्हणाले. "आता दिवसभर बोलतात."

मी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि रडले. मग डोळे पुसले आणि मला राग आला. वेड कशानं लागतं ते मला तेव्हा कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. आमच्या आळीत एकाला बाप जीव लावणारा होता, तरी त्याला लागलं, आणि दुसऱ्याला रोज वेताच्या छड्या बसल्या, तो पुढे मामलेदार झाला. पण वेडाला काहीतरी बोलायचं असतं, आणि ते शब्द कुठून आणतं ते मला त्या सकाळी दिसलं. घरातूनच आणतं. बाहेरून आणायला त्याला कुणी ओळखीचं नसतं.

मी आत्येसासूबाईंमार्फत माडीवर निरोप पाठवला. मागणी एवढीच, की मामंजींनी एकदा खाली यावं, यांच्यासमोर बसावं आणि दुसरं काहीतरी बोलावं. पाऊस कसा आहे, काहीही. आत्येसासूबाई परत आल्या त्या उत्तर घेऊन: "ते म्हणतात, डाक्टरी विषयात बायकांनी पडू नये." आणि दुसरी बातमी म्हणजे, यांना मुंबईच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं ठरलं आहे. मला कल्याणला काकांकडे पोचवण्यात येईल. तिथे मी सवाष्ण म्हणून कुंकू लावायचं आणि विधवा म्हणून राबायचं, असं माझ्या वाट्याला येणार होतं. माझं मी सोसलं असतं. पण इथे मी ताट या भिंतीपासून त्या भिंतीपाशी नेत होते, तेव्हा कुठे दोन घास जात होते. मुंबईत ताट कोण नेणार? हे उपाशी मरतील, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

माणसाला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं, तर त्यालाही मुहूर्त पाहिजे. म्हणून जोशीबुवांना जेवायला बोलावलं. कल्याणहून मामा आले, कारण यांना गाडीनं न्यायला सोबत त्यांची होती. मी पुरणपोळ्या केल्या. नवऱ्याला घालवून देण्याचा मुहूर्त काढायला बसलेल्यांना मी आग्रह करून वाढत होते, याची मला स्वतःचीच कमाल वाटत होती. हे मागच्या पडवीत भिंतीपाशी उभे होते, कारण मामंजी पानावर होते.

दोन पोळ्या पोटात गेल्यावर जोशीबुवांना रंग चढला. ते म्हणाले, "साधा जोशी असता तर या मुलाचं नक्षत्रच चुकलं असतं. हे मामा रेल्वेतले. म्हणजे वेळ रेल्वेच्या घड्याळाची. आणि रेल्वेचं घड्याळ चालतं मद्रासच्या वेळेवर, आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. तेव्हा ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक होती? मी तो अर्धा तास वजा केला, तेव्हा कुठे मूळ सापडलं."

मामंजींनी मान डोलावली. शास्त्र आणि विद्या यांचा असा संगम त्यांना नेहमीच आवडे.

मामा भाताचं आळं करत म्हणाले, "अहो, ते मलाही कळत होतं. मालधक्क्यावरचा माणूस मी. निरोप पाठवतानाच अर्धा तास वजा करून पाठवला. म्हटलं, ठाण्याचे लोक, उगीच घोटाळा नको."

दोघंही एकमेकांकडे बघून समाधानानं हसले आणि पुन्हा जेवू लागले. शपथेवर सांगते, दोघांनाही काही कळलं नाही. मामंजींनाही नाही. मी तुपाचं भांडं घेऊन मध्ये उभी होते. पुरुषांच्या पंगतीत सुनेनं तोंड उघडण्याचं त्या घरात आजवर कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणजे एकच अर्धा तास दोनदा वजा झाला."

जोशीबुवांचा घास हातातच राहिला. त्यांनी उष्टी बोटं मोजली. सव्वा घटका पुढे, असं पुटपुटले. मग डाव्या हातानं उपरण्यानं कपाळ पुसलं.

"पूर्वाषाढा," ते म्हणाले.

यांचा जन्म मुळावर झालेलाच नव्हता. मूळ संपून गेलं होतं आणि हे त्यानंतर आले होते, कुणाच्याही मुळावर न येता. मग पानावरच एकदम वादावादी सुरू झाली. जोशीबुवा मामांना म्हणाले, की वजा केलं ते कळवायला काय झालं होतं. मामा म्हणाले, की विचारायला काय झालं होतं. जोशीबुवांनी मग शेवटचं अस्त्र काढलं: "आणि मूळ धरलं तरी शेवटचा चरण येतो. चौथा चरण निर्दोष. मी तेव्हाच बोललो होतो." आत्येसासूबाई दाराआडून म्हणाल्या, "मला चरण-बिरण कळत नाही. मूळ म्हणजे मूळ." त्यांचं बरोबर होतं. पंचवीस वर्षं त्यांनी राखण केली होती, ती कुणाच्या वजाबाकीसाठी कशी सोडणार?

मामंजी जेवणाअखेरची आपोशनी न घेता, पान अर्धं टाकून, हात तसाच उष्टा धरून उठले. पंगतीतून आधी कधी न उठलेला माणूस. मला वाटलं, माडीवर जातील. ते मागच्या पडवीकडे निघाले. मी भांडं घेऊनच पाठोपाठ गेले.

हे भिंतीशी उभे होते, कपाळ गिलाव्याला टेकलेलं. मामंजी दारात थांबले. ते सवयीनं खाकरले. यांची पाठ ताठ झाली. साहेबापुढे दोन भाषांत अस्खलित बोलणारा माणूस, त्याला पोटच्या मुलाला हाक मारायला शब्द मिळेना. मुलाचं नाव त्यांनी बारशानंतर घेतलंच नसावं. त्यांना सांगायचं होतं, की माझ्याकडे वळ, मला तुला बघू दे. आणि त्यांच्याकडे त्या मुलाशी बोलायचे दोनच शब्द होते.

ते म्हणाले, "तोंड फिरव."

अगदी हळू म्हणाले. विनवल्यासारखं.

हे भिंतीला आणखी चिकटले. मग गोंधळले. बाप दारात उभा होता, आणि आतला आवाजही तेच म्हणत असणार. भिंतीतच बोलावं तसं हे बोलले, "आणखी किती फिरवू?"

मामंजी रडले. मी त्या माणसावर पानंच्या पानं राग काढू शकते, पण त्या वेळी मला त्यांची दया आली, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. मी तुपाचं भांडं खाली ठेवलं. सासऱ्यांसमोर नवऱ्याच्या अंगाला हात लावला. हनुवटी धरली आणि तोंड दाराकडे केलं.

मामंजी बघत राहिले. किती तरी वेळ बघत राहिले. यांचे डोळे मिटलेले होते, पण हे वळले नाहीत.

"याचे केस कधी पिकले?" मामंजी म्हणाले.

मी म्हटलं, "पिकले हळूहळू."

मुंबईचा बेत रद्द झाला. गावात सांगितलं, की मुहूर्त लागत नाही, आणि गावाला ते पटलं. जोशीबुवांकडे गावाची रीघ पूर्वीसारखीच राहिली. उलट, रेल्वेची वेळ दोनदा तपासतात म्हणून त्यांचं नाव वाढलं. 'भ्रम आणि विवेक' पुन्हा झालं की नाही ते मला माहीत नाही, मी पाणी नेऊन द्यायचं सोडलं होतं. मामंजी रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसू लागले. सुरुवातीला, आज उकडतंय, एवढंच बोलत. हे उत्तर देत नसत. पुढे कधीकधी, हो, म्हणत.

आवाज गेला का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. गेला नाही. मामंजी वारले त्या दिवशीही तो बोलत होता, असं यांनी मला सांगितलं. फरक पडला तो इतकाच. जेवायला बसलं, की तो म्हणे, तोंड फिरव. मग हे घास धरून त्याला विचारत, "कुठल्या बाजूला?" त्यावर त्याला लगेच उत्तर सुचत नसे, असं यांचं म्हणणं. तेवढ्या वेळात यांचं जेवण होई.